मावशीच्या डोळ्यांच्या उंचीवर

समुद्रापासून इतक्या दूर, बंगळुरात राहून, लाटांची काळजी माझ्या मावशीच्या यजमानांइतकी, म्हणजे काकांइतकी, दुसऱ्या कुणी केली नसेल. नव्वदच्या दशकात कारखान्यातून निवृत्त होताच काकांनी तळ्यात फिरायला एक जुनी शिडाची होडी घेतली. मावशीने एकच अट घातली. "मी एकदाच बसेन. इरकल साडीवर थेंब पडला, की होडी विकायची." काका कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि उडत्या पाण्याला अडवणारा, टांग्याला असतो तसा टप होडीसाठी शिवायला बसले.

कापडाची निवड गच्चीवर झाली. ताडपत्री, मेणकापड आणि छत्रीचं कापड यांचे तुकडे पापडांशेजारी उन्हाळाभर टांगलेले होते. टपाच्या खिडकीसाठी आणलेलं पारदर्शक प्लास्टिक काकांनी पारखायला स्कूटरच्या पुढे बांधून यशवंतपूरपर्यंत नेलं. वाटेत पावसाने ते धुरकटलं, समोरचं दिसेना आणि काका थेट एका लग्नाच्या मांडवात शिरले. मंडळींनी "या अण्णा" म्हणून पंगतीला बसवलं. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "हे प्लास्टिक बाद. जेवण उत्तम." एकच मोठी खिडकी ठेवली तर तिला सुरकुत्या पडत, म्हणून तीन छोट्या ठरल्या. त्यांची उंची ठरवायला काकांनी मावशीला स्टुलावर बसवून समोर कापड धरलं आणि खडूने खुणा केल्या.

"अहो, कुकरच्या शिट्ट्या होतायत!"

"स्वल्प थांब. क्षितिज आखतोय."

"अण्णा, तळ्याला टप? उद्या बादलीलाही शिवाल," असं शेजारी म्हणत. पण आनेकलच्या पुढच्या त्या मोठ्या तळ्यावर ठरल्या दिवशी वारा सुटला. पाणी होडीच्या नाकावर आपटून उसळलं, टपावर फुटलं आणि वरून जाऊन मागे सुकाणू धरून बसलेल्या काकांवर कोसळलं. चष्मा, मिशा, सदरा, सगळं निथळू लागलं. टपाखाली मावशीची इरकल कोरडी ठणठणीत होती.

"थेंब तरी आहे का बघ!" काका ओरडले.

मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही. खिडकीला नाक लावून म्हणाली, "अहो, डावीकडे घ्या. तिकडे बगळे आहेत."

होडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे कितीतरी रविवार ती जागा मावशीचीच होती.

मावशी गेल्यावर काकांनी एकदा मला तिथे बसवलं. खिडक्या माझ्या छातीशी येत होत्या. समोर नुसतं कापड. त्या थोड्या वर घेऊ या का, असं मी विचारलं.

"खिडक्या राहू देत," काका म्हणाले. "तू वाक."

मी वाकलो. पलीकडे बगळे होते.