चारचौघांतलं दुखणं

आमच्या आत्याच्या यजमानांनी उभ्या जन्मात कुणाला ‘बरं आहे ना?’ असं विचारलं नाही, कारण समोरचा माणूस बरा असू शकतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. माणूस भेटला की रामराम व्हायच्या आधी त्यांचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली जायचा, पापणी खाली ओढली जायची आणि ‘रक्त कमी हाय’ असा निकाल लागायचा. पाठोपाठ जीभ. चाकणच्या बाजारात कांद्याचा मोठा व्यापारी ऐन गिऱ्हाइकीत जीभ बाहेर काढून उभा आहे आणि तिच्यावरचा पांढरा थर ते शेजारच्या हमालाला समजावून सांगताहेत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात, म्हणून ते आमचे मामा. तळवड्याला त्यांची शेती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी देहूरोडच्या छावणीत, लष्करी दवाखान्यात जखमा बांधायचं काम केलं होतं. तिथं जे पाहिलं, ऐकलं, त्यावर पुढं सगळ्या पंचक्रोशीची तब्येत त्यांनी अंगावर घेतली. कुणाला फिट आली आणि लोक नाकाला चप्पल लावायला धावले, तर मामा चप्पल हिसकावून घेत, माणसाला कुशीवर वळवत आणि जमलेल्यांना पांगवत. देवी आल्या म्हणून कुणी पोरांना टोचून घ्यायचं टाळलं, तर त्याच्या ओट्यावर ठाण मांडत. खरूज घरात एकाला झाली तर सगळ्यांचे कपडे उकळायला लावत. एवढं सगळं चांगलंच होतं. अडचण त्यांच्या आवाजाची होती. शेतात बैल हाकून हाकून तयार झालेला तो आवाज. त्या आवाजात ते बायाबापड्यांची आणि बाप्यांची दुखणी वेशीपासून पारापर्यंत पोचवत. ‘लाज धरली की रोग वाढतो, सांगितला की निम्मा होतो,’ हे त्यांचं ब्रीद होतं, आणि लोकांचा निम्मा रोग ते स्वतःच गावाला सांगून टाकत.

त्यांच्यापायी आम्ही किती वेळा मान खाली घातली असेल त्याला सुमार नाही. माझे वडील चिंचवडला शाळामास्तर. बोलणं मोजकं, टोपी कायम सरळ. मेहुण्याबरोबर बाजारात जायची वेळ आली की ते मुद्दाम वाण्याकडे रेंगाळत आणि मामांना पुढे जाऊ देत. माझ्या बहिणीला पाहायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मामा नको तितके वेळेवर हजर झाले. पोहे झाले, मुलीला नाव-गाव विचारून झालं आणि मंडळी जरा सैलावली, तोच मामांनी मुलाच्या वडिलांकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, “पावणं, सकाळच्याला साफ होतं का?” कारण मामांच्या शास्त्रात डोकेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याचं मूळ बद्धकोष्ठात होतं. पाहुणे ठसकले. मामांनी त्यांना पाणी दिलं, रोज रात्री एरंडेल घ्यायला सांगितलं आणि मूळव्याध कशी सुरू होते ते सविस्तर समजावलं. ते स्थळ पुन्हा आलं नाही. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहू लागला आणि मला तिथं कारकुनाची नोकरी लागली. मामांना एवढा आनंद झाला की जणू सरकारनं हा कारखाना त्यांच्या हाताखाली मदतीला म्हणूनच काढला होता. ते वरचेवर फाटकाशी येऊन उभे राहत. एकदा आमचे साहेब गाडीतून उतरले. त्यांच्या मानेवर गळू झालं होतं आणि त्यावर पट्टी होती. मामा पुढं झाले आणि भर मजुरांत म्हणाले, “सायेब, गळवं सारखी सारखी होत्यात का? तहान लई लागती? मग लघवीला मुंग्या लागत्यात का ते बघा. साखर आसंल.” मी बांधकामाच्या विटांमागे गेलो. साहेबांनी पुढं कित्येक दिवस मला जे हुकूम दिले ते माझ्याकडे न बघता दिले. त्यांच्या चहातली साखर मात्र बंद झाली, हे मला शिपायानं सांगितलं.

या अशा माणसाच्या स्वतःच्या दुखण्याचा कुणाला पत्ता नव्हता. कांद्याची पोती गाडीत टाकायची झाली की मामा आताशा बाजूला उभे राहत. आम्हाला वाटलं, वयानुसार आळस आला. खोकला आला की खाली बसत आणि धोतराच्या गाठीशी हात दाबून धरत. आम्हाला वाटलं, लकब असेल.

बहिणीचं लग्न अखेर जमलं आणि चिंचवडलाच झालं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि मामा मांडवाच्या मागच्या बाजूला ओकताना सापडले. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. कुणी जिलबीला बोल लावला, कुणी उन्हाला. मामा स्वतःच म्हणाले की पित्त आहे, लिंबू द्या. वडील हळूच मला म्हणाले, व्याह्यांच्या लक्षात यायच्या आत त्यांना आत नेऊन निजव. मी त्यांना निजवलं, तर ते पाय पोटाशी घेऊन तळमळायला लागले. आत्या दाराशी उभी होती. तिनं मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागली.

“पित्त न्हाई त्ये. त्यांचं अंतर्गळ हाय, आतडं जांघंत उतरतंय. पोतं उचलताना झालं. निजलं की आत जायाचं, आज जाईना झालंय, दगडावानी घट्ट झालंय. मला शपथ घातली व्हती रं, कुणाला सांगू नगं म्हणून.”

मी वडिलांना सांगितलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला. ते टोपी न घालताच माझ्याबरोबर मुंबईच्या सडकेवर आले. देहूरोडहून पुण्याला निघालेला एक लष्करी ट्रक हात करून थांबवला. मागं ताडपत्रीवर मामांना ठेवलं. प्रत्येक खड्ड्याला ते ओठ आवळत होते. एवढा मोठा आवाज, पण त्यातून हुं की चूं निघालं नाही.

पुण्याच्या इस्पितळात त्या वेळी तपासायला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना पाहताच मामांनी धोतराची गाठ दोन्ही हातांनी धरली आणि पुरुष डॉक्टर बोलवा म्हणाले. बाईंनी शांतपणे सांगितलं की तपासायला उशीर झाला तर आत अडकलेलं आतडं कुजेल, मग कुणालाच बोलावून उपयोग नाही. मामांनी हात काढले आणि उपरणं तोंडावर ओढून घेतलं. तपासता तपासता बाईंनी विचारलं, हे वर्षानुवर्षांचं दिसतंय. तेव्हाच साधं ऑपरेशन करून घेतलं असतं तर आज जिवावर बेतलं नसतं. एवढे दिवस का नाही आलात?

उपरण्याखालूनच मामा म्हणाले, “लाज वाटली, बाई.”

एवढ्या हळू आवाजात मामांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. वडील भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान फिरवली. त्या खोलीत आम्हा तिघांपैकी एकालाही दुसऱ्याकडे बघवत नव्हतं. बाईंचं मात्र लक्षच नव्हतं. त्या ऑपरेशनची तयारी करायला सांगत होत्या.

मामा वाचले. आतडं वेळेत मोकळं झालं होतं. पण तळवड्याला परतले ते गप्प होऊन. गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. ज्यांच्या जिभा त्यांनी चव्हाट्यावर काढायला लावल्या होत्या त्यांनी आता आपल्या जिभा मोकळ्या सोडल्या. पारावर हसू व्हायचं, मामा खाली मान घालून शेताकडे जायचे. आत्या म्हणायची, घरातसुद्धा कुणाला शिंक आली तरी विचारत नाहीत. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्यांचं ते गप्प बसणंच बघवेना.

मग केव्हातरी शेतावर एक गडी आला. हरवलेलं वासरू इकडं आलं का, असं काहीतरी विचारत बसला आणि उठता उठता म्हणाला की त्यालाही जांघेत तसंच काहीसं आहे. मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बांधावर त्याच्या शेजारी बसून इंद्रायणीकडे बघत त्यांनी चार गोष्टी विचारल्या आणि पुण्याला कुठं, कुणाला भेटायचं ते सांगितलं. सोबतही गेले. त्यानंतर माणसं येऊ लागली, चाकणहून, मोशीहून, कुणी खोकल्यातलं रक्त लपवलेला, कुणी अंगावरचा बधिर चट्टा. मामा औषध देत नसत. ऐकून घेत, दवाखान्याचं नाव सांगत आणि दारापर्यंत बरोबर जात. कोण आलं होतं असं आत्यानं विचारलं तर म्हणत, “वाटसरू व्हता.”

एका रविवारी वडील मला म्हणाले, चल, तळवड्याला जाऊन येऊ. कारण सांगितलं नाही. तिथं चहा झाल्यावर ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि मग मामाच उठले. “मास्तर, जरा बांदापातुर येता का,” म्हणाले. मी आत्याजवळ थांबलो. लांबून दोघांच्या पाठी दिसत होत्या. एकमेकांकडे न बघता दोघंही नदीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून वडील मामांबरोबर पुण्याला गेले. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडीत जागा भरपूर होती, तरी वडील मामांना चिकटून बसले.

वडिलांना काय झालं होतं ते मला अजून ठाऊक नाही. ते बरे झाले, आणि पुढं खूप वर्षं जगले. ते गेले, मामाही गेले. मामांच्या दहाव्याला मी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, “मला बी न्हाई सांगितलं रं त्यांनी.”