कॉमिकला वाहिलेलं हळदकुंकू

मंडळी, आज दसऱ्याच्या दिवशी माझं करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं झालंय.

माझी नात सई इथे सिडनीच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, जुन्या अमेरिकन कॉमिक्सवर पीएचडी करते. "चित्रांच्या गोष्टींचा कसला गं अभ्यास?" म्हणून मी तिला चिडवायचे. मग तिने एकदा समोर बसवून दाखवलं, त्या काळी हिरो कुणाला करायचे आणि कायम नोकर कुणाला. तेव्हा मला पटलं.

म्हणून आज सकाळी पाटीवरच्या सरस्वतीपुढे मी तिच्या टेबलावरचं एक कॉमिकही ठेवलं आणि ओल्या बोटाने हळदकुंकू वाहिलं. लाल डाग मुखपृष्ठभर पसरला.

ते तिच्या प्रोफेसरांचं होतं. त्यांच्या वडिलांनी जपलेलं, हिला विश्वासाने दिलेलं.

सई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "इट्स ओके, आजी," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत खोलीत गेली.

उद्या ती त्यांना भेटणार आहे. मी म्हटलं, "मी येते, माझी चूक मीच सांगते."

"नको ना. त्यांना वाटेल, मी आजीवर ढकलतेय."

चूक माझी आणि मान तिने खाली घालायची, हे मला सोसवत नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर गेला असतात का?