साडेसहाशेची म्हातारी

दोन हजार सहा साली माझे बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आइंडहोवनला आले आणि एका बायसनच्या नादी लागले. नातवंडांच्या नाही, ट्यूलिपच्या नाही, बायसनच्या. अजून आठवलं की वैताग येतो. फक्त तेव्हा तो बाबांचा यायचा.

आमच्या इमारतीमागच्या सार्वजनिक बागेत खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कुंपण घालून बायसनचा कळप पाळला होता. सकाळी मी सायकल काढून ऑफिसला निघाले की बाबा माकडटोपी चढवून तिकडे. जन्मभर बाजार समितीत, गुरांच्या बाजारावर कारकुनी केलेला माणूस. त्यांची गट्टी जमली ती एका लंगड्या, शिंग मोडलेल्या मादीशी. तिचं नाव त्यांनी ठेवलं म्हातारी. संध्याकाळी मी दमून घरात पाऊल टाकलं रे टाकलं की म्हातारीच्या बातम्या सुरू. म्हातारीने आज गवत हुंगून सोडलं, म्हातारी आज उन्हात बसली.

"बाबा, माझा दिवस कसा गेला तेही विचारा कधीतरी."

"तुला सांगता येतं. तिला येत नाही."

आता बोला.

मग कुंपणावर सूचना लागली. कळप वाढला होता, जास्तीचे तीन बायसन खेमेंते विकणार होती, बंद पाकिटातून बोली मागवून. तिघांत म्हातारी होती. मी ते बाबांना वाचून दाखवलं, तीच माझी पहिली चूक. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"थकलेलं जनावर कोण विकत घेतं, ते मी तीस वर्षं पाहिलंय," ते म्हणाले. "आपण बोली लावू."

"बाबा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

हे गाऱ्हाणं मी ऑफिसात गायलं, सगळ्यांनी जरा हसावं म्हणून. तर एक डच सहकारी गंभीरपणे म्हणाला, त्याच्या सासऱ्याचं गावाबाहेर शेत आहे, तिथे ते म्हातारे घोडे सांभाळतात. जनावर आम्ही विकत घेतलं तर परवान्याचं ते बघतील आणि तिला मरेपर्यंत ठेवतील. या लोकांना चेष्टा कळेल तर शपथ. घरी हे सांगितल्यावर मात्र बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

बाबांना पॅरिस दाखवायला आम्ही साडेसहाशे युरो बाजूला ठेवले होते. "पॅरिस राहू दे," ते म्हणाले. "सगळे साडेसहाशे लिही."

"सगळे? एकदम?" मी पुण्याच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा पहिला भाव न देणारी बाई.

तेव्हा त्यांनी मला, जणू मी पहिलीत आहे, असं समजावलं. त्यांच्या बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. "पण तिथे नाही पटलं तर पुन्हा बोट दाबता येतं. पाकिटात हात कुणाचा धरणार? एकदा चिकटवलं की संपलं. मनातला आकडा लिही."

"हो हो, कळलं," मी म्हणाले. मला सायकलचं पंक्चर काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ज भरला आणि चारशे लिहिले. लंगड्या म्हातारीसाठी कोण भांडायला बसलंय? कमी पडले तर विचारतीलच. तशी खाली ओळही लिहिली, 'किमतीबाबत चर्चेला तयार आहोत', आणि शेजारी मोबाइल नंबर. उरलेल्या पैशांत निदान बाबांचं ब्रसेल्स तरी होईल, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

पाकिटं उघडायचा दिवस गेला, फोन नाही. शेवटी मीच केला. तिकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, म्हातारी सहाशे दहाला गेली, एका मांसाच्या व्यापाऱ्याकडे. कालच नेली.

"आम्ही साडेसहाशे द्यायला तयार होतो. मी खाली तसं लिहिलं होतं, चर्चेचं."

"हो, वाचलं आम्ही," ती म्हणाली. मग तिने मनापासून विचारलं, "पण द्यायचे होते तेवढे तुम्ही लिहिले का नाहीत?"

मला तिचा भयंकर राग आला. आभारही न मानता मी फोन ठेवला.

बाबांना मी एवढंच सांगितलं की दुसऱ्या कुणाची बोली आपल्यापेक्षा जास्त होती. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "साडेसहाशेच्या वर? मग कुणीतरी हौशी माणूस असणार. खाटीक एवढे देत नाही. सुटली म्हातारी."

"हो," मी म्हणाले.

चार दिवसांनी खेमेंतेचं पत्र आलं. इथे सगळा कारभार उघडा. कुणाकुणाच्या कितीच्या बोली होत्या, ते प्रत्येकाला कळवतात. मी ऑफिसातून आले तेव्हा बाबांनी पत्र फोडलेलं होतं. त्यांना डच येत नव्हतं. आकडे येत होते. टेबलाशी बसून ते एकेका आकड्याखालून बोट फिरवत होते, परत वर जात होते.

"जरा बघ गं," ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. यात आपले साडेसहाशे मला कुठे दिसत नाहीत."