दोन हजार मीटरवरचे दहा दिवस

आक-सायच्या कुरणावर आमचं पथक पहिल्यांदा गेलं, त्या जुलैत एकही बाई तपासणीच्या तंबूत पाय ठेवायला तयार नव्हती. पुरुष आले, फुंकून दाखवलं, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावून घेतला आणि हसत निघून गेले. बायका मात्र घोड्यांच्या आडून नुसत्या बघत उभ्या.

राजधानीहून आलेले डॉक्टर इमानकुलोव जनरेटर लावून, यंत्र मांडून बसून होते. साडेतीन हजार मीटरवर जन्म काढणाऱ्या माणसांची हृदयं आणि फुप्फुसं विरळ हवेला कशी तोंड देतात, कुणाची टिकतात आणि कुणाची खचतात, हे त्यांना शोधायचं होतं. मी आत-बाशीच्या दवाखान्यातली नर्स. रक्त काढायला आणि डॉक्टरांचं शहरी बोलणं माणसांच्या बोलीत सांगायला मला बरोबर घेतलं होतं. पण छातीला गार लेप लावून पडद्यावर हृदय बघतात म्हटल्यावर माझंही कुणी ऐकेना.

तेवढ्यात याकांचं दूध काढून, रबरी बूट तसेच पायात ठेवून बातिना आली. अठ्ठेचाळीसची असेल तेव्हा. वाऱ्याने तडकलेले लाल गाल, दणकट मनगटं. सगळ्या जणी तिला एजे, म्हणजे ताई म्हणायच्या.

"काय गं, नव्या नवऱ्या आहात का लाजायला?" ती बायकांवर ओरडली. "थंड लागतं म्हणे. तुमच्या नवऱ्यांचे हात काय शेगडीवर तापवलेले असतात?"

बायका खो-खो हसल्या. दुपारपर्यंत अकरा जणी तपासून झाल्या.

पुढचे तीन उन्हाळे बातिनाएजे आमच्या पथकातलीच झाली. रक्ताच्या नळ्यांची पेटी खोगिराला बांधून ती मला यूर्तांमागून यूर्त, म्हणजे लोकरी गोल तंबू, फिरवायची. कोण कुणाची मावशी, कुणाच्या घरात कोण धाप लागून गेलं, हे सगळं तिला तोंडपाठ. डॉक्टर म्हणायचे, माझ्या अर्ध्या नोंदी या बाईच्या डोक्यात आहेत. स्वतःचं मात्र ती पुढे ढकलायची. "आधी त्यांचं होऊ दे. मी काय पळून चाललेय?"

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की घोड्यावर चढण्याआधी ती खोगीर धरून उगीच थांबते. संध्याकाळी तिचे बूट निघेनात, पाय इतके सुजलेले. मी तिला हाताला धरून तंबूत आणली.

"माझं काय बघता? माझं हृदय या म्हाताऱ्यापाशी आहे, त्याचं बघा."

तिचा नवरा मुकाय दारात उभा होता. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. "माझ्यापाशी असतं तर आत्तापर्यंत हरवलं असतं मी," तो म्हणाला. "झोप मुकाट्याने."

डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर झोपवलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग मुकायलाही तपासलं. नंतर दोघांना बाहेर गवतावर बसवून ते हळूहळू बोलले. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बातिनाएजेचा दाब फार चढला होता. हृदयाचा उजवा कप्पा तो ढकलून ढकलून फुगला होता. हे इथल्या हवेने केलेलं आहे, औषधाने थोडं कमी होईल, पण खरा उपाय एकच: खाली जाणं.

"खाली म्हणजे आत-बाशीला?"

"त्याहून खाली. तुमची मुलगी कांतला असते ना? तिथे."

"किती दिवस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कायमचं, बातिनाएजे."

मुकायकडे बोट दाखवून तिने विचारलं, "आणि हे?"

"त्यांना काही झालेलं नाही. त्यांचं हृदय ठणठणीत आहे."

"तीस वर्षं एका यूर्तमध्ये झोपलो. एका कढईतलं खाल्लं, एकाच वाऱ्यात उभे राहिलो. मग मलाच का?"

"तेच शोधायला आलोय. अजून कळलेलं नाही."

"कळलं की सांगा," ती म्हणाली आणि उठून याकांकडे गेली.

तिची आई याच कुरणावर चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली होती. तिचेही पाय असेच सुजायचे. आमच्याकडे त्याला तुतेक म्हणतात, डोंगराची धाप. आईचं सगळं डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, लिहून घेतलं. बातिनाएजेने ते सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं तिलाच उमगलं असावं. सप्टेंबरात ती खाली गेली.

मुकाय वरच राहिला. चाळीस याक कुणाच्या हवाली करणार?

राजधानीजवळच्या कांतमध्ये तिसऱ्या मजल्यावर मुलीचं, चिनारचं, घर होतं. रक्ताचे नमुने पोचवायला मी वर्षातून दोनतीनदा राजधानीला जायचे, तेव्हा मुक्काम तिच्याकडेच. सहा महिन्यांत पाय उतरले, ओठांचा निळसरपणा गेला. वर्षभराने यंत्रावर दाब निम्म्याच्या जवळ आलेला दिसला. डॉक्टर लहान मुलासारखे खूष झाले. खाली आणल्यावर खचलेलं हृदय किती सावरतं, हे सांगणारी माणसं त्यांच्याकडे मोजकीच होती.

"बघा, किती छान आहे," ते पडदा तिच्याकडे वळवून म्हणाले.

"छान आहे," ती म्हणाली. "जिने चढते मी आता. पण जिने चढून जाते कुठे, तर स्वयंपाकघरात."

घरात तिला सगळं होतं. चिनार जीव लावायची. पण बाजारातलं दूध तोंडात धरून ती म्हणायची, याला वासच नाही. शेणाच्या गोवऱ्यांच्या धुराचा वास यावा म्हणून तिने एकदा गॅलरीत वरून मागवलेली गोवरी पेटवली, तर खालच्या मजल्यावरची रशियन म्हातारी बादली घेऊन धावत आली. हे सांगताना बातिनाएजे पोट धरून हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "अगं, दोन मिनिटं तरी जळू द्यायची होती."

मी डॉक्टरांना विचारलं, नवराबायकोला भेटायचं तर कुठे भेटावं? त्यांनी ते प्रश्न म्हणून गंभीरपणे घेतलं. तिचे सगळे आकडे समोर मांडून बसले. दोन हजार मीटर, ते म्हणाले. वर्षातून दहा दिवस. त्याच्या वर नाही.

आत-बाशी बरोबर तेवढ्या उंचीवर आहे. म्हणून दर सप्टेंबरात दोघं माझ्या घरी येऊ लागली, ती खालून आणि तो वरून.

वाटेत मात्र दोलोनची खिंड लागते, तीन हजारांच्या वर. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिथे गाडी थांबवायची नाही. पहिल्या वर्षी मी तिला आणायला गेले होते. खिंडीत पोचल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली, "बाळा, दोन मिनिटं."

"नाही थांबायचं, एजे," मी म्हणाले.

"मग काच तरी खाली करू दे."

तिने डोकं बाहेर काढलं. रुमाल मागे उडाला, केस सुटले. रस्त्याकडेला कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकणाऱ्या बायांकडे, चरणाऱ्या घोड्यांकडे ती तोंड उघडून बघत होती, जणू हवा पीत होती. खिंड उतरेपर्यंत तिने काच वर करू दिली नाही.

मुकाय माझ्या अंगणात आधीच येऊन बसलेला असायचा. मेंढीच्या पोटात भरलेलं लोणी, वाळवलेलं मांस, याकाच्या शेपटीची वळलेली दोरी, असलं काहीबाही घेऊन. पहिल्या भेटीत दोघांनी एकमेकांना वरून खाली बघितलं.

"जाड झालीस," तो म्हणाला.

"तुम्ही काळे झालात."

"काळा होतोच."

"माझं लक्ष नव्हतं मग."

ते दहा दिवस ती त्याच्याकडून हिशोब घ्यायची, एकेका याकाचा. तुटक्या शिंगाची व्याली का? नर झाला की मादी? झरा कुठल्या महिन्यात गोठला? माझ्या शेगडीजवळची मोडकी खुर्ची बांधली का? मुकाय दोन शब्दांत सांगायचा, ती दहा प्रश्न विचारायची. दहाव्या दिवशी तो घोडा आणि ती गाडी घेऊन एकमेकांच्या उलट दिशेला जायचे, आणि मी घरात येऊन दोघांच्या वाट्या धुवायचे.

पाचव्या वर्षी मुकाय म्हणाला, "बस झालं." त्याने याक धाकट्या भावाकडे सोपवले आणि कांतला येऊन राहिला. बातिनाएजे लग्नाला निघाल्यासारखी नटली होती.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी नमुने घेऊन गेले, तर मुकाय इमारतीसमोरच्या बाकावर बसलेला. नमद्याची टोपी, गुडघ्यावर हात. मला बघून उठला, तेव्हा पँट कमरेवर ठरेना. सकाळपासून तो तिथेच बसतो, चिनारने सांगितलं. जेवण चिवडतो. दारं लावली की गुदमरतो, उघडली की गाड्यांचा आवाज. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, सगळं तपासलं. हृदय, फुप्फुसं, रक्त. काही नव्हतं.

संध्याकाळी चहा पिताना बातिनाएजे शांतपणे म्हणाली, "एप्रिलमध्ये याक व्यायला लागतील."

"भाऊ बघेल," मुकाय म्हणाला.

"भावाला वासरं ओढता येत नाहीत. मागे एकदा त्याच्या हातात दोन मेली."

"मग?"

"मग जा तुम्ही."

मुकायने वाटी खाली ठेवली. "हाकलतेस मला?"

"हो, हाकलते. पाच वर्षं मी खिडकीत बसून त्या डोंगरांकडे बघत होते. आता तुम्ही बाकावर बसून बघताय. मला तुमच्याकडून तिथलं ऐकायचं असतं. इथे बसून मला काय सांगणार तुम्ही? कुठली बस किती वाजता गेली?"

"तुझ्यासाठी आलो होतो गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

मग ती आत जाऊन त्याचे बूट तेल लावून घासायला बसली. मी दारातून पाहिलं. बूट कधीच चकचकीत झाले होते, तरी ती घासतच होती.

तो मार्चमध्ये गेला. सप्टेंबरचे दहा दिवस पुन्हा सुरू झाले. पुढे आक-सायच्या एका कड्यावर फोन लागतो हे कळलं, तेव्हा तो दर शुक्रवारी तासभर घोडा चढवून तिथे जायचा आणि वाऱ्यात ओरडून बोलायचा. तिच्या कानात निम्मा वाराच यायचा. ती म्हणायची, "तोही चालतो."

अशी आणखी नऊ वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात बर्फावरून घोडा घसरला आणि मुकाय घोड्याखाली सापडला. दुपारपर्यंत संपलं सगळं.

भाऊ म्हणाला, वहिनीला वर येता येणार नाही, आपण त्याला आत-बाशीला उतरवू आणि तिथेच माती देऊ. मी कांतला फोन केला. बातिनाएजे म्हणाली, "त्यांना खाली आणू नका. एकदा आणलं होतं मी, बघितलंस ना तू. मीच वर येते."

मी डॉक्टर इमानकुलोवना फोन लावला. तेही आता थकले होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी नको म्हटलं नाही. गोळ्या सांगितल्या, प्राणवायूचं नळकांडं बरोबर घ्यायला सांगितलं, आणि म्हणाले, "अंधार पडायच्या आत उतरवा तिला. आणि तू हात सोडू नकोस."

चौदा वर्षांनी ती आक-सायला पोचली. यूर्तमध्ये उजवीकडे मुकायला ठेवलं होतं. आमच्यात बायको भिंतीकडे तोंड करून बसते आणि गेलेल्याला गाऊन हाक मारते. बातिनाएजे बसली. पहिली ओळ तिने खणखणीत म्हटली. दुसऱ्या ओळीला श्वास पुरेना. मी नळी पुढे केली, तिने हाताने सारली. तिसरी ओळ मध्येच तुटली, तेव्हा तिच्या मागे बसलेल्या एका बाईने ती उचलून पुरी केली. ही पहिल्या दिवशी तपासलेल्या त्या अकरा जणींतली एक होती. मग तसंच चालू राहिलं. ती सुरुवात करायची, श्वास संपला की मागच्या बायका पुढे न्यायच्या, तोवर तिने दम घ्यायचा. "माझ्या शुक्रवारच्या वाऱ्या," असं काहीतरी ती म्हणत होती. इतकंच मला आठवतं. मीही रडत होते.

बोटाचा चिमटा एकाहत्तर दाखवत होता, फारच कमी. तिने तो काढून माझ्या खिशात टाकला.

पुरुष मातीला गेल्यावर ती बाहेर आली, माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. याक बर्फ उकरून गवत काढत होते. तिने एकेका मादीकडे बघितलं, पण नावं तिला सांगता येईनात. तिच्या ओळखीच्या सगळ्या कधीच गेल्या होत्या, या त्यांच्या नाती-पणत्या. मुकायच्या तोंडून ऐकलेल्या खुणांवरून तिने दोन ओळखल्या. मग दीरच म्हणाला, वहिनी, चला. ती गाडीत बसली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तिची तपासणी केली. दाब चढला होता, तीन आठवड्यांत उतरलाही. त्यांनी तेही लिहून ठेवलं. जाताना तिने विचारलं, मलाच का, ते कळलं का? ते म्हणाले, थोडंसं. रक्तातच काहीतरी असावं, आईकडून आलेलं. चिनारचंही तपासलं आहे, तिला भीती नाही. बातिनाएजेने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता ती सदुसष्टची आहे. शुक्रवारी मला फोन करते. माझ्या खिडकीतून आत-बाशीची डोंगररांग दिसते. आक-साय तिच्या पलीकडे आहे, हे तिला माहीत आहे, तरी विचारते.

"बर्फ कुठवर उतरलाय?"

मी सांगते. पहिल्या सुळक्यापर्यंत, किंवा निम्म्यावर. कधी ढग असतात, काही दिसत नाही, मग तेही सांगते.

"मग थांबते," ती म्हणते. "हटले की सांग."

आणि फोन तसाच कानाला धरून ठेवते. मीही खिडकीपाशी उभी राहते.