अलकनंदाच्या नावावरच्या गोळ्या

अलकनंदा मिरीकरचे गुडघे अडतिसाव्या वर्षी दुखायला लागले ते फक्त कागदोपत्री. प्रत्यक्षात ही बाई सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरचे जिने भाजीच्या दोन पिशव्या घेऊन धडाधड चढायची. मला ठाऊक होतं. मी दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होते, आणि दर पंधरवड्याला तिच्या हातात गोळ्या ठेवणारी मीच.

गुडघे दुखायचे तिच्या सासूचे. नवरा गेल्यावर चंद्रप्रभाबाई साताऱ्याहून मुलाकडे, सूर्यकांतकडे, राहायला आल्या. तो केंद्राच्या नोकरीत. पण बाईंना स्वतःचं पेन्शन होतं, म्हणून मुलाच्या हेल्थ कार्डावर त्यांचं नाव बसेना. मग सुनेनं डॉक्टरसमोर बसून आपलेच गुडघे चोळले आणि गोळ्या स्वतःच्या नावावर लिहून घेतल्या. यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्या रांगेत कितीतरी माणसं दुसऱ्याचंच दुखणं घेऊन उभी असायची. एरवी ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी न नेणारी माणसं, पण आईच्या औषधाला नियम कोण बघतो? मीही बघितला नाही. "वृंदाताई, सासूबाईंना या खेपेला जरा बरंय हं," असं ती खिडकीतून बिनदिक्कत सांगायची, आणि मी कॉम्प्युटरवर तिचं नाव टाकायचे.

सात वर्षं असं चाललं. चंद्रप्रभाबाईंना मधुमेह होता. त्या वयात रोजची पेनकिलर किडनीला बरी नाही, हे मी शिकलेली होते. पण माझ्यासमोरच्या स्क्रीनवरची बाई तरुण आणि ठणठणीत होती, तिला कसला आलाय धोका? अशी मी स्वतःची समजूत घालायचे. आज आठवलं की मला माझाच संताप येतो.

मग म्हातारीचे पाय सुजले, लघवी कमी झाली. मयूर विहारच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. घरातून निघताना अलकनंदानं गोळ्यांच्या पट्टीवरचा सरकारी शिक्का कात्रीनं कापून टाकला होता, उगाच चौकशी नको म्हणून. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "माताजी पेनकिलर लेती हैं?" अलकनंदा म्हणाली, "कभी-कभी." अकराव्या दिवशी किडनी निकामी होऊन म्हातारी गेली.

त्यानंतर अलकनंदा खिडकीशी आली. "आता नकोत," एवढंच म्हणाली. औषध बंद करताना आमचा कॉम्प्युटर कारण विचारायचा. कारणांच्या यादीतून मी "रुग्ण बरा झाला" हे निवडलं. दुसरं काय निवडणार होते?

चार वर्षांनी एका संशोधन संस्थेनं दहा दवाखान्यांतल्या कॉम्प्युटरच्या नोंदी मागवल्या. कोणतं औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर कुणाला काय अपाय झाला, हे त्यातून शोधायचं होतं. अलकनंदाला तिथे कंत्राटावर डेटाचं काम मिळालं. बाई कामाला चोख. तिला मनापासून वाटलं, चलो, आता तरी या गोळ्या काय करतात ते लोकांना कळेल. तिनं पेनकिलर घेणाऱ्यांची यादी उघडली आणि त्यात तिचंच नाव निघालं. सात वर्षं रोज गोळी, मधे तिच्या स्वतःच्या रक्तावर झालेल्या किडनीच्या तिन्ही तपासण्या नॉर्मल, शेवटी रुग्ण बरा. सासूचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये ती माझ्याकडे आली, रडून डोळे सुजलेले. "ताई, सासूबाईंना मी मारलं, आणि ती गोळी चांगली असल्याचा पुरावासुद्धा मीच." संस्थेतल्या मॅडमना तिनं विचारलं होतं. नोंद दुरुस्त करता येत होती, पण त्याला तिचा लेखी जबाब आणि औषध देणाऱ्याची सही हवी होती. सूर्यकांतनं तिला बजावलं होतं की रिटायरमेंट तोंडावर आलीय, घर बुडवू नकोस. तरी ती जबाब लिहून घेऊन आली होती. "एवढी सही करा. त्यांचं एक नाव तरी लागू दे त्या यादीत. नाहीतर त्या गेल्याच नाहीत असं होतं."

मी कागद दोनदा वाचला. एक अक्षर खोटं नव्हतं. मला पेन्शनला अकरा महिने राहिले होते. मी म्हटलं, "अगं, एका नोंदीनं काय फरक पडणार आहे? हजारो नावं आहेत त्यात."

"त्यातली खरी किती, ते तुम्हालाच माहीत," ती म्हणाली.

मी कागद तिच्याकडे सरकवला आणि डबा उघडला. तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. मला त्या दिवशी भाजी गोड लागली, हे मी विसरत नाही.

अहवाल आला. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या किडनीला विशेष अपाय आढळला नाही, असं त्यात होतं. आमच्याकडे पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या गोळ्या एकदम देण्याची परवानगी आली, आणि शेवटचे काही महिने त्या मीच वाटल्या. रांगेतल्या सुनांना बरं पडलं, खेपा वाचल्या.

परवा मेट्रो स्टेशनवर अलकनंदा दिसली. कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. आता तिचे गुडघे खरंच गेलेत आणि मधुमेहही मागे लागलाय. दवाखान्यात नवा डॉक्टर आहे. त्यानं तिचं रेकॉर्ड उघडलं आणि म्हणाला, "अच्छा, आपको तो यह दवा सात साल सूट हुई है." तीच गोळी लिहून दिली.

"मग तू सांगितलं नाहीस?"

"कुणाच्या सहीनं सांगू, ताई?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोसलं असतं.

"घेतेस?"

"घेते. दुखतं ना."

प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यासमोर एक गोळी गिळली. पट्टीवर सरकारी शिक्का अख्खा होता. तो कापायची आता तिला गरज नव्हती.