पाचव्या मिनिटाला विझलेला दिवा

“आकाश निरभ्र, वारा मंद, आणि पाचव्या मिनिटाला फुगा गायब. डुलकी लागली होती की चहाची तल्लफ आली होती?”

पुण्याहून इन्स्पेक्शनला आलेले जोगसाहेब रजिस्टर उघडून मला विचारत होते. मी नागपूरच्या वेधशाळेत ऑब्झर्व्हर होतो, तोही प्रोबेशनवर. राज्य इंग्रजांचं, प्रांत मध्य प्रांत, आणि आमच्या घराण्यातला पहिला सरकारी नोकर मी.

आमचं काम सोपं करून सांगतो. विमानांना वरचा वारा कुठून कुठे वाहतो ते आधी कळावं लागतं. त्यासाठी हायड्रोजनचा फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतून, त्याचा पिच्छा पुरवायचा. दर मिनिटाला कोन टिपायचे, त्यावरून वारा निघतो. अंधारात फुगा दिसत नाही, म्हणून त्याच्याखाली दोऱ्याने कागदी कंदील बांधायचा, आत मेणबत्ती. वर गेला की तो चांदणीएवढा दिसतो. डोळा जरा हलला की माणूस खऱ्याच चांदणीमागे लागतो आणि अर्धा तास कोन टिपत बसतो. ही चूक न केलेला ऑब्झर्व्हर मी पाहिलेला नाही. मीही केली होती.

पण त्या रात्री नाही. दिवा एकदम हेलकावला आणि विझला. मी रिमार्क्सच्या रकान्यात लिहिलं, ‘हंसांचा थवा वरून गेला, दिवा विझला.’

“हंस तुम्ही पाहिलेत?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“ऐकलेत?”

“नाही साहेब. तुकारामने ऐकले.”

तुकाराम आमचा शिपाई. फुग्यात गॅस भरायचा, कंदील बांधायचा. रामटेककडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे शिपायाच्या कानावरून सरकारी नोंद. पाखरं रात्री झोपतात, एवढं पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी हे बनावट रीडिंग धरतो. उद्या सकाळी रिपोर्ट जाईल.”

बनावट रीडिंगला एकच शिक्षा होती, घरचा रस्ता. पण खरं सांगायचं तर ‘शिपायाच्या कानावरून’ हे शब्द मला जास्त झोंबले. म्हटलं, “रिपोर्ट उद्याच जाणार असेल, तर आजची रात्र द्या, साहेब. पौर्णिमा आहे.”

त्यांनी दिली. दिली नसती तर माझी नोकरी तिथेच संपली असती.

तुकाराम मागे गॅसची नळकांडी पुसत होता. मी त्याला गाठलं. “तुकारामभाऊ, आज हंस आले नाई तं माही नोकरी गेली गा.”

“येतेत ना, बाबूजी,” तो म्हणाला. “कार्तिकात उत्तरेकडून रोजच येऊन राहिले. सकाळी आमच्या धानाच्या बांधीत उतरलेले दिसतेत. तुम्ही काहून घाबरून राहिले?”

नुसत्या आवाजाने साहेबांचं समाधान होणार नव्हतं. काळ्या आकाशात काळं पाखरू दिसायचं कसं? मी थिओडोलाइट सरळ चंद्रावर रोखला. जे काही त्याच्या आडवं जाईल, ते दिसेल. चंद्र सरकत राहतो, म्हणून स्क्रू फिरवत राहायचं.

साहेब मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले. तास गेला. काही नाही. “तुमचे हंस कॅज्युअल लीव्हवर दिसतात,” ते म्हणाले. मी स्क्रू फिरवत राहिलो.

मग तुकारामने हात वर केला. “आइका. येऊन राहिले.”

मला कुत्र्यांच्या भुंकण्याशिवाय काही ऐकू येईना. साहेबांनाही नाही. थोड्या वेळाने खूप उंचावरून, एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी तसा आवाज आला. साहेब उठले आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

“डोळा हलवू नका,” मी म्हणालो. प्रोबेशनवरच्या पोराने इन्स्पेक्टिंग ऑफिसरला दिलेली ही ऑर्डर मला आजही आठवते आणि आजही बरं वाटतं.

“गेले,” साहेब पुटपुटले. “एका ओळीत. पण उलटे उडतायत.”

“साहेब, या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं.”

हे ट्रेनिंगमध्ये त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी डोळा काढला नाही. थवे येत होते, तुकाराम आधी सांगत होता, साहेब मागाहून मोजत होते. स्क्रू मी फिरवला, पण त्या रात्री मला एकही हंस बघायला मिळाला नाही.

शेवटी ते सरळ उभे राहिले. “दिवा त्यांनीच विझवला, हे काही सिद्ध झालं नाही.”

“नाही साहेब. पण मी झोपलो नव्हतो?”

“नव्हतात.” त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तुकारामकडे वळले. “तुमचं पूर्ण नाव सांगा. रिपोर्टात लागेल.”

शिपायाला ‘तुमचं’ म्हणणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता. तुकारामने टोपी नीट केली आणि स्वतःचं, बापाचं, गावाचं नाव सावकाश सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी दवावर ढकललं.

मी कायम झालो. पुढे मीही इन्स्पेक्शनला जाऊ लागलो. दुर्बिणीला डोळा लावला की माणूस बहिरा होतो, एवढं मला पक्कं कळलं होतं. म्हणून कुठल्याही वेधशाळेत गेलो की रजिस्टर नंतर उघडायचो. आधी गॅस भरणाऱ्याला विचारायचो, “काल रात्री काय ऐकलंत?”