डिंकाच्या मागावर हुबळी-धारवाड

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. वर्षातून दोनदा मी ते नवऱ्याच्या हवाली करते आणि कुठेतरी भटकून येते. या वेळी ठरलं होतं हंपी. पण बुधवारी संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. मुग्धा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. धारवाडला पीएच.डी. करते, चौथं वर्ष चालू आहे.

"मावशी, शनिवारी परिषदेत माझं दहा मिनिटांचं भाषण आहे. आई-बाबांना सुट्टी मिळत नाहीये. तू येतेस?"

"बघते," म्हणाले, फोन ठेवला आणि गाडीचं वेळापत्रक उघडलं. हंपी काही कुठे पळून जात नाही.

मिरजेहून धारवाडला जायचं तर सकाळची गाडी धरा आणि खिडकी मिळवा. बेळगावपर्यंत ऊस आणि काळी माती. खानापूर सोडलं की जंगल अंगावर येतं आणि लोंढ्याला गाडी एवढा वेळ थांबते की चहा पिऊन, कप टाकून, पुन्हा एक चहा पिता येतो. उन्हाळा लागलेला होता, तरी अळणावरपर्यंत वारा गार होता. गुरुवारी दुपारी धारवाडच्या फलाटावर उतरले, तर मुग्धा समोरच उभी. हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

तिची खोली सप्तापूरला. आजूबाजूला सगळे विद्यार्थी, झेरॉक्सची दुकानं, खानावळी. पिशवी टाकली आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर गिरमिट खायला गेलो. धारवाडला येऊन गिरमिट खाल्लं नाही तर आलात कशाला? चुरमुऱ्यांना कांदा-चिंचेचा शिजवलेला मसाला चोळतात, वर फुटाण्याचं पीठ भुरभुरतात आणि सोबत गरम मिरची भजी. मी दुसरी प्लेट मागवली. मुग्धाची पहिलीच तशीच पडली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"पट्टी विरघळतेय," ती म्हणाली.

आता ही पट्टी काय, ते सांगायला हवं. मुग्धा धावड्याच्या डिंकापासून जखमेवर लावायची पातळ, पारदर्शक पट्टी बनवते. वनस्पतीशास्त्र, पदार्थविज्ञान आणि वैद्यक, तिन्ही खात्यांत तिचा एकेक पाय, असं ती स्वतःच म्हणते. हा विषय तिने का घेतला ते मला माहीत आहे. आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मधुमेह होता. पायाला जखम झाली ती भरेना. रोज ड्रेसिंग मीच बदलायचे. जुनं कापड जखमेला चिकटलेलं असायचं. ते ओढलं की तात्या दात आवळून भिंतीकडे बघायचे. दारात कॉलेजातली मुग्धा उभी असायची. ओलसर राहील, न चिकटता निघेल, अशी पट्टी तिला हवी होती, आणि गेल्या वर्षी ती जमलीही होती. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली तरी अख्खी राहायची.

"या वर्षी नवीन डिंक आणला. तीच कृती, तेच भांडं, तोच हात. आणि पट्टी तासाभरात विरघळून जाते. पाच वेळा केली, मावशी."

"तुझ्या गाईड सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, दहा मिनिटांत सगळंच सांगायची गरज नसते. गेल्या वर्षीचे निकाल दाखव, बाकीचं नंतर बघू."

आणि मी, शहाणी मावशी, काय म्हणाले असेन? "बरोबर आहे त्यांचं." मी दुकानदार बाई. चांगला माल पुढे मांडायचा, हे माझ्या हाडात बसलंय. वर हेही सांगितलं, की पुण्याच्या ड्रेसिंग बनवणाऱ्या कंपनीचा माणूस तिला ऐकायला येणार आहे ना, मग कशाला? मुग्धा गिरमिट तसंच ठेवून उठली.

शुक्रवारी सकाळी मीच म्हटलं, डिंक जिथून आणतेस ते दुकान तरी बघू. निघालो जुन्या हुबळीला. धारवाड ते हुबळी जायला सरळ एसी बस पकडा. तिला स्वतःची वेगळी मार्गिका आहे, तिकीट अगदी किरकोळ आणि तिचं लाडाचं नाव 'चिगरी', म्हणजे हरीण. वाटेत उणकल तलाव लागतो, खिडकीजवळ बसा. उतरल्यावर मात्र रिक्षाच बरी. जुन्या हुबळीतल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की समोरून हातगाडी आली तर रिक्षावाले आणि गाडीवाले यांची आधी चर्चा होते.

दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, गोणपाटावर पसरलेल्या मुळ्या. गादीवर सत्तरीचे मालक, पांढरी टोपी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कन्नडही तेवढंच सफाईदार आणि मराठीही.

"बर्री, बर्री, कूड्री," म्हणत त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं. मुग्धाने जुना आणि नवा, दोन्ही डिंकांच्या पुड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी नव्यातला एक खडा उजेडात धरला, दुसरा दाताखाली फोडला, आणि आतून दोन पेले पाणी मागवलं. एका पेल्यात जुन्या पुडीतले खडे, दुसऱ्यात नव्या.

"आता चहा घ्या. डिंकाला वेळ लागतो."

चहा झाला, दुसऱ्या गिऱ्हाईकाला अश्वगंधा बांधून झाली. मग अण्णांनी पेले पुढे सरकवले. जुन्या डिंकाचे खडे फुगून तळाशी जेलीसारखे बसले होते. नव्यातले काही तसेच, पण बरेचसे दिसतच नव्हते. पाण्यात विरून गेले होते.

"यात बाभळीचा डिंक मिसळलाय की, अक्का," अण्णा मुग्धाला म्हणाले. "बाभळीचा पाण्यात पुरा विरघळतो. धावड्याचा नुसता फुगतो. आधी माझ्याकडे कलघटगीकडचं एक घर माल आणायचं, ते खडा न खडा निवडून द्यायचे. त्या घरातली म्हातारी गेली. यंदा बाजारातून घेतला."

"मग मला सांगायचं ना, अण्णा!"

"लाडवाला दोन्ही चालतात. मी आपला लाडवाला देत होतो. तुम्ही जखमेला लावणार, हे तुम्ही कधी बोललाच नाही."

मुग्धाचं तोंड एवढंसं झालं. कारण खरंच ती बोलली नव्हती. पुडीवर 'धावडा' लिहिलंय, म्हणजे आत धावडाच, असं धरून ती तीन वर्षं काम करत होती. मग गेल्या वर्षीचा डिंक तरी शुद्ध होता कशावरून? अण्णांची म्हातारी चोख होती म्हणून. एवढाच पुरावा.

परतीच्या बसमध्ये ती दोन्ही पुड्या मांडीवर धरून बसली होती. उणकलच्या पाण्यावर ऊन चमकत होतं. मी पुन्हा तोंड उघडलं. "कारण कळलं ना? झालं तर मग. उद्या जुने निकाल दाखव, पुढच्या वेळी नीट डिंक आण."

ती माझ्याकडे वळली. "मावशी, समजा ही पट्टी बाजारात आली असती, आणि तुझ्या दुकानात आली असती. कुठली पट्टी टिकेल आणि कुठली विरघळेल हे बनवणारीलाच माहीत नाही. तू ती तात्यांच्या पायाला लावली असतीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देताना लाज वाटली असती. 

शनिवारी परिषद. एका महाविद्यालयाचं सभागृह, दारात रांगोळी, आत पंख्यांचा घरघराट. माझ्यासारख्या ऐकायला आलेल्या माणसांनी अशा ठिकाणी जरूर जावं, कुणी हाकलत नाही आणि जेवण उत्तम असतं. ज्वारीची रोट्टी, एण्णगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी आणि वर दही. सकाळभर कुणी उन्हात तग धरणाऱ्या ज्वारीच्या मुळांवर बोललं, कुणी मोडलेल्या हाडात भरायच्या सच्छिद्र पदार्थावर, कुणी भाताच्या तुसातून काढलेल्या सिलिकावर. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एकेक पोरगी मंचावर येऊन, 'हे आत्तापर्यंत होत नव्हतं, आता थोडंसं होतंय' असं सांगायची, तेव्हा मला उगाचच अभिमान वाटायचा.

मुग्धाचा नंबर जेवणाआधीचा. तिने गेल्या वर्षीची पट्टी दाखवली. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. पुढच्या चित्रात दोन पेले. काल अण्णांच्या दुकानात तिने फोटो काढला होता, तो मला वाटलं आठवणीसाठी.

"हे निकाल मी पुन्हा मिळवू शकलेले नाही," ती म्हणाली. "माझा कच्चा माल मिसळलेला होता आणि मी तो तपासला नव्हता. ही माझी चूक आहे."

तिचे सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. कंपनीच्या माणसाने वही मिटली. मला वाटलं, झालं, संपलं.

मग इरकल नेसलेल्या एक बाई उठल्या. या हिरेमठ मॅडम. वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. सकाळपासून सगळ्यांना इंग्रजीत खोचक प्रश्न विचारत होत्या. मुग्धाला मात्र त्यांनी धारवाडी कन्नडात विचारलं, "गिडा नोडीएन?" झाड पाहिलंयस का?

मुग्धा माईकसमोर उभी होती. "इल्ल, मॅडम." नाही.

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "उद्या सकाळी सात वाजता तयार राहा," एवढं म्हणून खाली बसल्या.

जेवताना कंपनीचा माणूस येऊन सौजन्याने म्हणाला, "मालाची खात्री झाली की कळवा." म्हणजे तूर्तास नाही. सर तिच्याशी बोललेच नाहीत. पण हात धुताना माझ्या शेजारी उभे होते, ते मला म्हणाले, "तुमची मुलगी हट्टी आहे." भाची आहे हे मी सांगितलं नाही. "हौद्री," म्हणजे 'हो ना', एवढंच म्हटलं.

रविवारी सातला मॅडमची जुनी गाडी दारात. आम्ही दोघी मागे, पुढे त्यांचा थर्मास. कलघटगीचा रस्ता चांगला आहे, तासाभराच्या आत पोचता. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. घरात बाळ यायचं असेल तर इथे थांबाच. आम्ही मात्र गाव ओलांडून मॅडमच्या ओळखीच्या बसप्पांच्या शेतावर गेलो. "दिंडिगा?" बसप्पांनी धावड्याचं कन्नड नाव घेऊन विचारलं आणि बांधाकडे बोट केलं.

मी काहीतरी भव्य असेल असं धरून चालले होते. समोर एक मध्यम उंचीचं, पानं गळालेलं झाड. खोड गुळगुळीत, करडं-पांढरं, मधेमधे साल सुटून उघडे पडलेले फिकट चट्टे. बसप्पांनी सरपणासाठी एक फांदी कधीतरी तोडली होती. त्या कापलेल्या जागी मधाच्या रंगाचे खडे गोठून बसले होते.

"जिथे लागतं तिथेच येतो डिंक," मॅडम म्हणाल्या. "झाड आपली जखम स्वतःच बंद करतं. तू काय वेगळं करतेस?"

मुग्धाने खोडाला हात लावला. मग दुसरा हात. मला वाटलं नमुने घेईल, तर ती नुसतीच उभी राहिली. थोड्या वेळाने मागे न बघता म्हणाली, "मावशी, तीन वर्षं माझ्या प्रत्येक पानावर याचं नाव आहे, आणि मी याला आज बघतेय."  मी पदर पुढे केला, तर ती हसायला लागली. "पदर नको, चिमटा दे."

पुढचा तासभर आम्ही चौघं कामाला. बसप्पा खडे दाखवायचे, मुग्धा चिमट्याने काढायची, मॅडम सालीचा तुकडा आणि वाळकी पानं कागदात दाबायच्या आणि मी पुड्यांवर लिहायचे: कुठलं झाड, कुठला बांध, कुणी काढलं, कधी काढलं. माझं अक्षर बरं आहे, असं मॅडम म्हणाल्या. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचल्यावर ते व्हायचंच. निघताना बसप्पांच्या घरी रोट्टी आणि ताक झालं. पैशांचं नाव काढलं तर ते रागावले.

सोमवारी सकाळच्या गाडीने परतले. पिशवीत धारवाडचे पेढे. हे स्टेशनवर घेऊ नका, गावात घ्या आणि दोन दिवसांत संपवा. हंपी राहिलं, पण या चार दिवसांबद्दल विचाराल तर मी जे कुठल्याही यादीत नाही तेच सांगेन. पोरगी मंचावर उभी राहून 'नाही' म्हणाली, तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, कारण तिच्या जागी मी असते तर 'हो' म्हणाले असते. दुकानात परत बसल्यावर माझं मलाच हे नीट दिसलं. त्या दिवशी गिऱ्हाईकाला एका मलमाबद्दल मी पहिल्यांदाच सांगितलं, "याने फरक पडेलच असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांना दाखवा." गिऱ्हाईक मलम न घेता गेलं. नवऱ्याने भुवया उंचावल्या.

गुरुवारी दुपारी मुग्धाचा मेसेज आला. "बांधावरच्या डिंकाची पहिली पट्टी फाटली, मावशी. पण विरघळली नाही! मीच घाईने सुकवली म्हणून तडकली. सर आज स्वतः येऊन बघून गेले. दुसरी आत्ताच ताटात ओतली."

समोर दोन माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. त्यांना थांबा म्हटलं आणि आधी तिला लिहिलं, "सावकाश सुकव."